टाकी म्हणजे टन

बोट पाव तास उशिरा तरंगली. तेव्हाच कुणाच्या तरी मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण मेंग आजीच्या मिठागराच्या धक्क्यापाशी चिखल इतका चिवट, की सगळा दोष त्याच्या माथी मारून मोकळं होणं सोपं.

त्या धक्क्याला धड पाणी नाही. ओहोटी लागली की बोट चिखलात बूड टेकून बसते. ती तशी बसलेली असतानाच तिच्यावर माल चढवायचा आणि भरती आली की तिनं आपोआप उठायचं, ही तिथली बापजाद्यांपासूनची रीत. रीत काही वाईट नाही. बोट हलत नाही, डुलत नाही, फोर्कलिफ्टवाला शिव्या देत नाही. खोट एकच आहे. पाण्यात असलेली बोट भार वाढेल तशी खाली जाऊन सांगते, चिखलात बसलेली काहीच सांगत नाही.

मालसुक नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, उभी राहून पाणी चढताना बघत होती. वय सत्तेचाळीस, त्यातली अकरा वर्षं याच बोटीवर. नवरा सुकाणूवर, आणि ही दोरांवर, पंपावर आणि चुलीवर. नवरा पिलमान बोलण्यात भारी कंजूष. इतर बायका असल्या नवऱ्याला वैतागल्या असत्या, पण मालसुकला त्याच्या गप्प राहण्याचा आधार वाटायचा. तो गप्प आहे म्हणजे इंजिन ठीक, वारा ठीक, समुद्र ठीक, असं तिनं स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं.

"अहो, अजून उठत का नाही ही?" तिनं विचारलं.

"चिखल," पिलमान म्हणाला.

मग बोटीनं एक अंग झटकलं, चिखलानं तळ सोडताना मोठा आवाज केला आणि ती तरंगली. सव्वाअकरा व्हायच्या आत निघायला हवं होतं, तिथं साडेअकरा झाले. पिलमाननं लगेच इंजिन सुरू केलं. मालसुकनं दोर सोडले आणि घाईत बोटीच्या कडेकडे पाहायचं राहून गेलं.

त्या वर्षी वसंतापासून बेटांवर पाऊस नव्हता. विहिरी आटल्या होत्या, नळाला चार दिवसांआड पाणी येत होतं, आणि पिलमानची बोट मुख्य भूमीवरून बेटाबेटांना पिण्याचं पाणी पोचवत होती. लोखंडी पिंजऱ्यातल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चौकोनी टाक्या, एकीत हजार लिटर. सहा डावीकडे, सहा उजवीकडे. त्या बेटांवर त्या टाकीला कुणी टाकी म्हणतच नाही, टन म्हणतात. 'दोन टन उतरव', 'अर्धा टन शेजाऱ्याला दे'. टाकी म्हणजे टन, हे तिथल्या पोराटोरांनाही पाठ. पाण्याच्या बाबतीत ते खरंही आहे, हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो. बोटीचा परवाना तेरा टनांचा, वर टाक्या बारा, म्हणजे एक टन हाताशी राखून. सहा महिने हे गणित एकदाही चुकलं नव्हतं.

आज मात्र टाक्यांत पाणी नव्हतं. म्हणजे पाहिलं तर पाणीच, पण मिठाचं कडू पाणी. गोदामात मीठ रचून ठेवलं की तीन-तीन वर्षं त्यातून थेंब थेंब निथळत राहतं ते. सोयाबीनचं दूध त्यानंच जमतं, म्हणून टोफूवाले त्याच्यासाठी जीव टाकतात. मेंग आजीनं आपल्या बारा टाक्या भरून ठेवल्या होत्या. पिलमानची बोट नाहीतरी रिकामी परतायची, तर तिनं त्या शहरातल्या टोफूच्या कारखान्याला पोचवायच्या, असं ठरलं होतं. "बारा टन आहेत रे," आजी म्हणाली होती. "बारा चालतील," पिलमान म्हणाला होता. झालं बोलणं.

आजी स्वतःही बोटीवर होती. वय चौऱ्याहत्तर, गुडघा दाखवायला शहरातल्या दवाखान्यात चाललेली. केबिनच्या भिंतीला पाठ लावून ती एका पालथ्या क्रेटवर बसली होती. लाइफ जॅकेट मांडीवर, त्यावर उकडलेल्या रताळ्यांची पिशवी.

"आजी, ते अंगात घालायचं असतं," मालसुक म्हणाली.

"मला माहितीय गं. त्यात मी पिंपासारखी दिसते. शहरात जाताना माणसानं जरा बरं दिसावं."

"शहर दीड तासावर आहे अजून."

"मग दीड तासानं बघू."

मालसुक हसली. ते तिचं त्या दिवशीचं शेवटचं हसू.

पहिल्या तासात काही वाईट घडलं नाही, एवढंच की काही नेहमीसारखंही घडेना. बोट चालत नव्हती. इंजिनाचा आवाज नेहमीचा, धूरही नेहमीचा, पण बाजूचं बेट मागे सरकता सरकेना. शिवाय ती लाटेवर चढत नव्हती. लाट आली की ती नाकानं तिच्यात घुसायची आणि जरा वेळानं, आळसानं वर यायची. मालसुकनं रताळं सोललं आणि खायचं विसरून हातातच धरून ठेवलं.

मग तिच्या पायांना पाणी लागलं.

बोटीच्या कडेला, डेकच्या फळ्यांना लागून पाणी जायची भोकं असतात. फळ्या धुतल्या की घाण पाणी त्यांतून समुद्रात जातं. आता त्याच भोकांतून समुद्र आत येत होता. प्रत्येक हेलकाव्याला चुळकाभर, आणि आलेला सगळा परत जात नव्हता.

तिनं उजव्या कडेवरून वाकून पाहिलं. बोटीच्या अंगावर तांबडी रेघ होती. बारा टाक्या पाणी घेऊनही ती रेघ पाण्याच्या दोन बोटं वर दिसायची, हे तिनं सहा महिने रोज पाहिलेलं. आज रेघ दिसली नाही. तिनं बाही वर केली, हात पाण्यात घातला आणि रंगाची कड बोटांनी चाचपली. चारी बोटं बुडाली तेव्हा ती लागली.

ती केबिनच्या दाराशी गेली.

"अहो, रेघ पाण्याखाली गेलीय."

"लाट असेल."

"हात घालून बघितलं मी. चार बोटं खाली आहे."

पिलमाननं समोरून नजर काढली नाही. "बारा टाक्या आहेत ना?"

"बारा."

"मग बारा टन. रोजचेच."

"रोज पायात समुद्र येत नाही आपल्या."

यावर तो काही बोलला नाही. एरवी त्याच्या गप्प राहण्यानं ती शांत झाली असती. आज झाली नाही, कारण तिच्या सपाता भिजलेल्या होत्या. ती आजीपाशी येऊन उकिडवी बसली.

"आजी, बाजारात नेता तो वीस लिटरचा कॅन. भरलेला किती भरतो हो वजनाला?"

"सव्वीस किलो. तो बसवाला मेला दर वेळी उचलून बघतो आणि म्हणतो, आजी, यात दगड भरलेत का?"

"नक्की सव्वीस?"

"पोरी, चाळीस वर्षं काट्यावर घालतेय. साधं पाणी असतं तर वीसच भरलं असतं. पण हे काय पाणी आहे? हा मिठाचा अर्क. अंडं टाकलंस तर बुडायचं नाव घेत नाही."

मालसुकच्या खिशात टाक्यांवर गावांची नावं लिहायचा मार्कर होता. तिनं समोरच्या टाकीवरच लिहायला घेतलं. वीस लिटरला सव्वीस किलो. म्हणजे लिटरला एक किलो तीनशे ग्रॅम. टाकीत लिटर हजार, म्हणजे टाकी तेराशे किलोची. बारा टाक्या, पंधरा हजार सहाशे. तिनं पुन्हा गुणलं. पंधरा हजार सहाशेच आले. परवाना तेरा हजारांचा, आणि रोजचा भार बारा हजारांचा. रोजच्यापेक्षा साडेतीन टनांवर जास्त, आणि जागा मात्र तेवढीच, टाक्या तेवढ्याच, डोळ्यांना दिसायला काहीसुद्धा फरक नाही.

पंचाहत्तर किलोचा एक धरला तर अठ्ठेचाळीस गडी. तिनं फळीवर नजर फिरवली. अठ्ठेचाळीस दांडगे गडी दाटीवाटीनं उभे आहेत आणि कुणीही हूं की चूं करत नाही, असं तिला क्षणभर खरंच वाटलं.

आजीनं आकडे वाचले. तिला शाळा माहीत नव्हती, पण आकडे चांगले कळत. तिनं रताळ्यांची पिशवी बाजूला ठेवली आणि निमूटपणे लाइफ जॅकेट अंगात घालू लागली. ते पाहून मालसुकला आकड्यांपेक्षाही जास्त भीती वाटली.

तिनं आधी तटरक्षकांना फोन लावला. पलीकडचा पोरगा अदबीनं बोलला, जागा विचारली आणि म्हणाला, चाळीस मिनिटं लागतील, तोवर वाघाच्या गळ्यात शिरू नका.

वाघाचा गळा म्हणजे दोन बेटांमधली चिंचोळी वाट. भरती पूर्ण भरली की तिथलं पाणी अर्धा तास थांबतं, तेवढ्यात पार व्हायचं असतं. एकदा ओहोटी लागली की दोन्हीकडचं पाणी तिथं कोंबलं जातं आणि उभं राहून उकळायला लागतं. थांबलेलं पाणी गाठायला ते नेहमी वेळेवर पोचत. आज पाव तास चिखलानं खाल्ला होता आणि अर्धा तास भारानं. दीड वाजत आला होता. खायचं शेवाळ पिकवायच्या जाळ्यांचे बोये आता समोरच्या बाजूला ओढले जाऊन आडवे झाले होते. ओहोटी लागली होती आणि ती बोटीला गळ्याकडेच नेत होती.

"अहो, परत फिरवा."

"कुठून फिरवू? दोन्हीकडं शेवाळाची जाळी आहेत. पंख्यात अडकलं की संपलं. आणि आडवी केली की कुशीवर लाट घेईल ती." पिलमान एवढं एका दमात बोलला, यावरूनच काय ते कळलं. त्याच्या मानेवर घाम होता आणि वारा तर गार होता.

"मग ओतून टाकू."

"काय?"

"पाणी. दोन टाक्या ओतल्या तर बरोबर तेरा टन. गळ्यातून जायचं तर बारा हवेत, म्हणजे तीन. आणि बोट कलू नये म्हणून जोडीनं ओतायचं, म्हणजे चार. पुढच्या चार."

पिलमाननं काचेतून आजीकडे पाहिलं. माल आजीचा. तीन वर्षांचं थेंब थेंब साठवलेलं.

"माझ्याकडं काय बघतोस?" आजी ओरडली. "मेल्यावर टोफू खाणार आहेस का? ओत म्हणते ना ती."

"त्यांच्या जाळ्यांत हे पाणी गेलं तर शेवाळवाले शिव्या देतील, आजी," पिलमान म्हणाला.

"देऊ देत की. ऐकायला जिवंत राहू, तेच खूप."

बेटांवरच्या हौदांत पाणी चढवायचा पेट्रोलचा पंप बोटीवर होता, हीच काय ती देवाची कृपा. कारण टाकीची तोटी नुसती फळीवर सोडली असती तर पाणी भोकांतून बाहेर गेलंच नसतं, समुद्रच तिथून आत येत होता. मालसुकनं पुढच्या डाव्या टाकीला पंपाची नळी जोडली, दुसरं टोक कडेबाहेर टाकलं आणि दोरी ओढली. पंप दुसऱ्या ओढीला लागला. पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. जड पाणी ओढताना तो कण्हत होता. रोज चार मिनिटांत रिकामी होणारी टाकी आज सहा घेणार.

सहा मिनिटं ती टाकीवरची पातळी बघत बसली. आठशे. सहाशे. निम्मी झाली तेव्हा आतलं पाणी या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळायला लागलं आणि प्रत्येक आदळण्यानं बोट दचकत होती. पुढे पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागला होता. तो गळ्याचा आवाज, अजून दिसत नव्हता पण ऐकू येत होता.

डावी टाकी संपली आणि बोट उजवीकडे कलली. तिला हे माहीत होतं, तिनंच सांगितलं होतं. उजव्या कडेवरून आता भोकांतून नव्हे, सरळ वरून पाणी आत आलं. ती नळी घेऊन उजव्या टाकीकडे धावली आणि सपशेल पडली. कडू पाणी सांडलं की फळी तेलकट होते. कोपर सोलून निघालं आणि त्यावर तेच पाणी लागलं.

उजव्या टाकीच्या तोटीचं झाकण फिरेना. मिठानं धरलं होतं.

तिनं दोन्ही हातांनी जोर लावला. मग गुडघा टेकवून लावला. पाणी तिच्या घोट्यापर्यंत आलं होतं आणि परत जात नव्हतं.

"निघत नाही," ती म्हणाली. कुणालाच नाही, नुसतंच म्हणाली.

आजी चार पायांवर रांगत आली. उभं राहणं तिला जमलंच नसतं. हातात पिलमानचा पाना होता. "सरक," म्हणाली, आणि झाकणावर तिनं तिरके ठोके घातले, एक, दोन, तीन. "खेचायचं नसतं याला. आधी मीठ फोडायचं, मग फिरवायचं." चौथ्या ठोक्याला पांढरी खपली उडाली. मालसुकनं फिरवलं. फिरलं.

पंप पुन्हा कण्हायला लागला. बोट हळूहळू सरळ होत होती, पण तेवढ्यात समोर गळा दिसला. पाण्यात भोवरे फिरत होते आणि मधोमध पाण्याची एक उंच पट्टी उभी होती. दोन टाक्या गेल्या होत्या, तेरा टन उरले होते. तिसरी लावायला मालसुक वळली आणि पिलमाननं आतून ओरडून सांगितलं, "आता नाही. धर. दोघी धरा काहीतरी."

ती आजीला घेऊन केबिनच्या भिंतीशी आली. एका हातानं लोखंडी कडी धरली आणि दुसऱ्या हातानं आजीच्या जॅकेटचा पट्टा. पुढचं तिला सलग आठवत नाही. नाळ खाली गेली आणि पुढच्या टाक्या पाण्यात गेल्या, एवढं आठवतं. रिकाम्या झालेल्या दोन टाक्या तेव्हा हलक्या होऊन वर ओढायला लागल्या आणि त्यांचे पट्टे करकरले. आजी तिच्या कानापाशी नवऱ्याला शिव्या घालत होती, वीस वर्षांपूर्वी गेलेल्या, की मला न्यायला एवढ्यात येऊ नकोस म्हणून. मालसुकला मरायचं नव्हतं. एवढा एकच विचार होता, त्यात ना पोरं होती ना घर.

नाळ वर आली. आळसानंच आली, पण आली. आणखी दोनदा गेली आणि दोनदा आली. मग पाणी एकदम मऊ झालं आणि ते गळ्याच्या पलीकडे होते.

तटरक्षकांची बोट त्यांना तिथंच भेटली आणि धक्क्यापर्यंत सोबत आली. धक्क्यावर पोचल्यावर आजीनं जॅकेट काढलं, केस नीट केले आणि कुणाचाही हात न धरता रिक्षा-टॅक्सीच्या रांगेकडे लंगडत गेली. जाताना पिलमानला म्हणाली, "कारखान्यात दहा टाक्या सांग. टन किती ते विचारलं तर तुझ्या बायकोला पुढं कर."

मालसुक धक्क्याच्या कोरड्या दगडावर बसली होती. कोपराची आग होत होती. पिलमान दोर बांधून आला आणि तिच्याशेजारी बसला.

"मिठागराचा धक्का सोडला ना," तो म्हणाला, "तेव्हाच सुकाणू जड लागलं होतं मला."

ती त्याच्याकडे वळली. "तेव्हाच?"

"हं."

"मग बोलला का नाहीत?"

"भरती निघून चालली होती. आणि वाटलं, तू उगीच घाबरशील."

समुद्रात वाटली नव्हती तेवढी भीती मालसुकला आता वाटली, दगडावर बसून, पायाखाली पक्की जमीन असताना. अकरा वर्षं ती या माणसाच्या गप्प बसण्यावर टेकून निवांत झोपली होती, वादळात, धुक्यात, चालत्या बोटीवर.

"अहो, खरं सांगा," ती म्हणाली. "या अकरा वर्षांत असं किती वेळा झालं?"

पिलमानचे ओठ हलत होते. तिनं नीट पाहिलं. तो मोजत होता.